मानाची कुस्ती : कमाई की उचल?

घरोघरी एक वाद गेली तीसेक वर्षे चालू आहे. टीव्हीवर दोन अवाढव्य देह एकमेकांना दोरांवर फेकत असतात, नातू डोळे विस्फारून पाहत असतो आणि आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, ''अरे, खोटे आहे ते सगळे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते.'' पूर्वीचा नातू यावर चिडायचा. आताचा शांतपणे म्हणतो, ''माहीत आहे, आबा,'' आणि पाहतच राहतो. आजोबांना नातवाचे खोट्यावरचे प्रेम कळत नाही आणि नातवाला आजोबांचा राग कळत नाही.

या वादात खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. निकाल आधीच ठरलेला असेल, तर शेवटच्या, सर्वांत मोठ्या लढतीत कोणाला उभे करायचे हे कशावरून ठरते? ज्याला ती मानाची जागा मिळते तो तिला लायक असतो, की कुणाच्या तरी मर्जीतला असतो? प्रश्न अमेरिकेतल्या तमाशाचा वाटतो खरा. पण आमच्या फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात, नव्हे साऱ्या खानदेशात, गावच्या आम दंगलीत दिवस कलताना नंबर एकची जोड आखाड्यात उतरते, तेव्हा काठावर बसलेली जुनी माणसे हेच एकमेकांच्या कानाशी लागून बोलत असतात. ''याला पहिला नंबर कसा काय दिला?''

गंमत अशी, की अमेरिकेतली ही कुस्तीसुद्धा जत्रेतच जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे गावोगाव फिरत्या जत्रा असत. एका तंबूत पैलवान उभा असे. ''याच्यासमोर इतकी मिनिटे टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा,'' असा पुकारा होई. गावातला एखादा दांडगा गडी पुढे येई, बघ्यांच्या पैजा लागत. पैजा आल्या की लबाडी यायला वेळ लागत नाही. गर्दीत आपलाच एक माणूस गावकरी म्हणून बसवायचा, त्याला आधी जिंकू द्यायचे, पैजा वाढल्या की हरवायचे, असे प्रकार सुरू झाले. म्हणजे मूळ एकच. एका जत्रेतून आपली निकाली कुस्ती पुढे गेली, दुसऱ्या जत्रेतून त्यांचा खेळ.

खऱ्या कुस्तीची एक अडचण त्या काळच्या ठेकेदारांना फार लवकर कळली. दोन तुल्यबळ मल्ल खरोखर भिडले, की प्रेक्षकाच्या डोळ्यांना फारसे काही मिळत नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची गाठ पडली. गामाचा झपाटा पाहून झिबिस्कोने जमीन धरली ती सोडलीच नाही. अडीच तासांहून जास्त वेळ ही कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तर झिबिस्को फिरकलाच नाही. गामाचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला अडीच तास काय दिसले? एक माणूस पालथा पडलेला आणि दुसरा त्याच्या पाठीवर. व्यापाऱ्याने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. १९२०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत कोणी, किती वेळात आणि कोणत्या डावावर पडायचे हे बहुधा आधी ठरू लागले होते.

याच दशकात आपल्या प्रश्नाचे उत्तर देणारी एक घटना घडली. वेन मुन नावाचा एक फुटबॉलपटू होता. धिप्पाड, देखणा, कॉलेजच्या मैदानावर नाव कमावलेला. पण कुस्ती त्याला बेताचीच येत होती. ठेकेदारांनी हिशेब मांडला, की या गड्याला विश्वविजेता केले तर तिकिटे हातोहात खपतील. जानेवारी १९२५ मध्ये एड लुईस या कसलेल्या मल्लाने ठरल्याप्रमाणे त्याच्यापुढे हार पत्करली आणि मुन विजेता झाला. १५ एप्रिल १९२५ला फिलाडेल्फियात त्याची गाठ होती आपल्या ओळखीच्या झिबिस्कोशी. झिबिस्को तेव्हा पंचेचाळिशी गाठलेला, टक्कल पडलेला. त्याने त्या दिवशी हरायचे होते. पण तो आतून दुसऱ्या ठेकेदाराला सामील होता. घंटा वाजली आणि हा म्हातारा मल्ल खरीच कुस्ती खेळू लागला. मुनला कळेचना काय चालले आहे. झिबिस्कोने त्याला पुन्हा पुन्हा चीत केले. शेवटी हजारो प्रेक्षकांसमोर पंचाला झिबिस्कोचा हात वर करावा लागला आणि मुनचा बोलबाला तिथेच संपला. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला हाच झिबिस्को गामासमोर पुन्हा उभा राहिला, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत आसमान दाखवले. ज्याने नकली विजेत्याला उघडे पाडले, त्याची खरी जागा अस्सल मल्लाने दाखवून दिली.

आयुष्याची बरीच वर्षे बँकेच्या टेबलामागे गेल्यामुळे मला या गोष्टीत एक व्यवहार दिसतो. मानाची जागा ही सुरुवातीला कधीच कमाई नसते, ती उचल असते. कोणीतरी माणसाच्या नावावर विश्वास टाकतो आणि त्याला ती आगाऊ देतो. मग प्रश्न उरतो फेडीचा. मुनला मोठी उचल मिळाली, पण फेडायला गाठीशी काही नव्हते. दाखवायला तारण होते ते फक्त देहाचे. बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो, की तारण पाहून कर्ज मंजूर करता येते, पण कर्ज फिटते ते माणसाच्या कर्तबगारीवर.

झिबिस्कोच्या दग्यापासून तिकडच्या ठेकेदारांनी बोध घेतला. त्यानंतर कित्येक वर्षे विजेतेपद शक्यतो अशाच माणसाकडे राहील असे ते पाहू लागले, की ज्याला वेळ पडली तर खरी कुस्तीही येते. लू थेझ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. आणि हा थेझ २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगकडून हरला.

दारासिंग म्हटले की आपल्या पिढीच्या अंगावर अजून मूठभर मांस चढते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर 'फ्री-स्टाइल' कुस्त्यांना लोटणारी गर्दी, दारासिंग आणि किंगकाँग ही नावे, रेडिओवरच्या जाहिराती! त्या कुस्त्यांतल्या किती खऱ्या आणि किती ठरवलेल्या यावर चहाच्या टपरीवर मारामाऱ्या होत. आज या वादात फारसा अर्थ राहिलेला नाही, कारण तो धंदा काय होता हे आता जगाला ठाऊक आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थेझने पुढे आपल्या आत्मचरित्रात दारासिंगविषयी लिहिताना तो अस्सल मल्ल होता, त्याची शरीरसंपदा उत्तम होती, असे प्रशस्तिपत्र दिले आणि अशा माणसाकडून हरण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही असे म्हटले. निकाल काय लागायचा ते ठरलेले असेलही; पण कोणासमोर पाठ टेकवायची याचा अभिमान त्या मल्लाला होता. दारासिंगची मानाची जागा कमावलेली होती याचा याहून मोठा पुरावा कोणता? ती पावती त्याला देणारा माणूस पराभूत मल्ल होता.

त्यानंतर काळ बदलला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने स्वच्छ कबुली दिली, की आमची कुस्ती ही क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे. हेतू हा, की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आणि कर यांतून सुटका व्हावी. कर वाचवण्यासाठी लोक खोटे बोलताना मी आयुष्यभर पाहिले. कर वाचवण्यासाठी खरे बोललेली ही माणसे विरळाच म्हणायची! पण आपल्याकडे केबलबरोबर ही कुस्ती आली, तेव्हा ही कबुली बरोबर आली नाही. आपल्या मुलांच्या दप्तरांत आले ते पत्ते. प्रत्येक पत्त्यावर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक छापलेला असे. ज्याच्या हाती पहिला क्रमांक, तो राजा. हा क्रमांक कोणी दिला, कशावरून दिला, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही.

मग आजच्या त्या पडद्यावरच्या कुस्तीत तारा ठरतो कसा? उत्तर रोकडे आहे. ज्याच्यामुळे लोक येतात, तो तारा. त्यासाठी कधी नुसती उंची पुरते. पंजाब पोलिसांत नोकरी केलेला आपला दलीपसिंग राणा, म्हणजे 'द ग्रेट खली', २००७ च्या जुलैमध्ये तिकडे विजेता झाला. त्याच्या डावपेचांपेक्षा सात फुटांच्या देहाचा आणि भारतातल्या कोट्यवधी प्रेक्षकांचा त्यात वाटा मोठा होता, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. पण याच्या अगदी उलटही घडते. डॅनियल ब्रायन हा तिकडच्या मानाने ठेंगणा, साधासुधा दिसणारा गडी. वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाच्या शेवटच्या लढतीसाठी २०१४ मध्ये कंपनीने दुसरीच नावे योजली होती. प्रेक्षकांना ते रुचले नाही. गावोगावच्या कार्यक्रमांत लोकांनी योजलेल्या नायकाची हुर्यो उडवली आणि ब्रायनच्या नावाचा गजर केला. शेवटी कंपनीला आपला बेत बदलावा लागला. ६ एप्रिल २०१४ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायन शेवटच्या लढतीत उतरला आणि जिंकला. जिंकणे ठरवलेले होते, पण त्याला तिथवर नेणारा गजर कोणी ठरवलेला नव्हता.

कादंबरी लिहिणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. माझ्या नायकाचा शेवट काय करायचा, हे मीही आधी ठरवतो. तो जगेल की मरेल, हे माझ्या हाती. पण वाचक त्याला नायक मानील की नाही, हे मात्र माझ्या हाती नसते. ते त्या पात्राला पानोपानी कमवावे लागते. आजोबांचा नातू खोट्यावर भाळलेला नाही. तो नाटक पाहतो आहे आणि नट आपली भूमिका पेलतो की नाही हे पारखतो आहे. त्या अर्थाने तिकडचा तारा आपली जागा बहुधा कमावतो. निदान दर आठवड्याला त्याचा हप्ता वसूल होत असतो. चुकवला, की लोक पाठ फिरवतात.

आता आपल्या आखाड्याकडे वळू. इथे निकाल ठरलेला नसतो, निदान नसावा. मग इथे मानाची जागा अधिक न्यायाने मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. गावच्या दंगलीचा क्रम आपण जाणतोच. दुपारी लहान पोरांच्या नारळाच्या, रेवड्यांच्या कुस्त्या. मग भांड्यांच्या. कोणी पितळी तांब्या लावतो, कोणी स्टीलचा हंडा. पोरगा हात वर करून आखाड्याला फेरी मारतो, समोरून जोडीदार उठतो, जाणती माणसे दोघांच्या खांद्याला खांदा लावून जोड पाहतात. इथवर सारे उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. उंची, वजन, वय जुळले तरच हातात हात दिला जातो. लायकी पाहण्याची याहून सोपी आणि स्वच्छ रीत मला ठाऊक नाही.

नंबर एकच्या जोडीची गोष्ट मात्र वेगळी. ती आखाड्यात ठरत नाही, महिनाभर आधी ठरते. कमिटी नावे शोधते, बिदागी बोलते, फलकावर छायाचित्रे छापते. नाव मोठे तर वर्गणी मोठी आणि गर्दीही मोठी. म्हणजे इथेही उचलच! त्यात गैर काही नाही. गैर होते ते संध्याकाळी. दोन नामांकित मल्ल समोरासमोर येतात, सलामी होते, आणि मग अर्धा तास नुसती खडाखडी चालते. मान रेटायची, हात झटकायचे, माती उधळायची. अंधार पडू लागतो आणि पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. ढोल वाजतच राहतो, पण काठावरची माणसे धोतर झटकत उठतात. प्रत्येक बरोबरी जुळवलेली असते असे मुळीच नव्हे; गामासारख्यालाही लंडनमध्ये बरोबरी पत्करावी लागली होती. परंतु खरी झुंज अनिर्णित राहणे वेगळे आणि झुंजच न होणे वेगळे. हा फरक तिकीट न काढता मातीत बसलेल्या शेतकऱ्याला नेमका कळतो.

यात एकट्या पैलवानाला दोष देणे सोपे आहे; पण त्याचाही जमाखर्च मांडला पाहिजे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोज लागतो, सण असो की नसो. जत्रांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. त्यात एकदा गुडघा निखळला, की तो हंगाम गेला आणि कदाचित पुढचाही. बहुतेकांना ना नोकरी, ना विमा. उद्या दुसऱ्या गावी बिदागी घ्यायची आहे हे डोक्यात ठेवून आज आखाड्यात उतरलेला माणूस अंग राखूनच खेळणार. तो खेळाडू म्हणून चुकतो, पण प्रपंच चालवणारा म्हणून त्याचा हिशेब चुकत नाही. ज्या गावाने त्याच्या नावाला पैसे दिले आणि निकालाला वेगळे काही ठेवले नाही, त्या गावानेच त्याला हा हिशेब शिकवला.

याच्याशी महाराष्ट्र केसरीची वाट ताडून पाहावी. १९६१ मध्ये औरंगाबादला ही स्पर्धा सुरू झाली. तिथे नावाला बिदागी नाही. आधी जिल्ह्याची निवड चाचणी, मग गादी आणि माती या दोन्ही विभागांतल्या एकामागून एक लढती, आणि शेवटी दोन्ही विभागांचे विजेते गदेसाठी समोरासमोर. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी या वाटेने गेला आणि २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षे ती गदा त्याने खानदेशात आणली. पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. २०१६ च्या अंतिम लढतीत त्याने हरवलेला अभिजित कटके पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, स्वतः महाराष्ट्र केसरी झाला. विजयची जागा किती भक्कम होती हे त्याने कोणाला हरवले यावरूनही कळते. थेझच्या पावतीचाच हा दुसरा प्रकार.

अर्थात स्पर्धा असली म्हणजे सारे सरळ होते असेही नाही. नरसिंग यादवने २०११ ते २०१३ अशी तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो वजनगटात ब्राँझपदक मिळवून त्याने भारताला ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. तेव्हा दोन ऑलिम्पिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार त्याच गटात उभा होता. त्याचे म्हणणे, आमच्या दोघांची चाचणी घ्या. मोठे नाव एका बाजूला, ताजी कमाई दुसऱ्या बाजूला. जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुशीलची मागणी फेटाळली. पण पुढे उत्तेजक चाचणीत नरसिंग दोषी आढळला. माझ्या अन्नात कोणीतरी भेसळ केली, असे तो सांगत राहिला. ऐन रिओत, लढतीच्या तोंडावर, क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलोची ती जागा कोणालाच लाभली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाने दिलेल्या चितपटीवरून वाद पेटला, नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणे अक्षम्यच. पण पंचाच्या निर्णयावरचा विश्वास उडाला, की खरी कुस्तीही लोकांना ठरवलेली वाटू लागते. आणि अमेरिकेतल्या कंपनीसारखी 'आमची करमणूकच आहे' अशी सोयीची कबुली आपल्या आखाड्याला देता येणार नाही. त्याच्याकडे खरेपणाशिवाय विकण्यासारखे दुसरे आहे काय?

मान आधी मिळतो आणि तो नंतर निभवावा लागतो, हे फैजपूरला कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन या गावाला मिळाले, तेव्हा फैजपूरचे नाव देशात कितीजणांना ठाऊक होते? शहरात भरायची ती नंबर एकची कुस्ती गांधीजींच्या आग्रहाने खेड्यात आली, इतकेच. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते राबले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्याच साहित्यातून नगर उभारले, पंचक्रोशीतल्या माणसांनी अंगमेहनत केली, आणि जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन पार पडले. फैजपूरला मिळालेली उचल फैजपूरने घामाने फेडली, म्हणून ते नाव इतिहासात राहिले.

मग गावच्या दंगलीने काय करावे? मोठी नावे आणू नयेत असे मी म्हणणार नाही. नावाशिवाय गर्दी नाही. पण बिदागीतला मोठा हिस्सा निकालाला बांधावा. निकाली कुस्ती झाली तर तो द्यावा, आणि तो एकट्या जिंकणाऱ्याला न देता हरणाऱ्यालाही त्यातला चांगला वाटा द्यावा, म्हणजे अंग राखण्याचे कारण उरणार नाही. आखाड्याशेजारी डॉक्टर असावा आणि पैलवानांचा विमा कमिटीने उतरवावा. फलकांवर होणाऱ्या खर्चातून थोडा वाचवला तरी सुरुवात होईल. आणि नंबर एकची जोड मागच्या हंगामात कोण किती निकाली लढला हे पाहून लावावी, छायाचित्र पाहून नव्हे.

उरलेले काम काठावर बसलेल्यांचे आहे. आपण फेटे उडवतो ते जिंकणाऱ्यासाठी. तो खांद्यावर बसून मिरवत जातो, आणि दुसरा एका कोपऱ्यात पाठीची माती झटकत कपडे घालत असतो. तो खरा लढला असेल तर जिंकणाऱ्याची मानाची जागा खरी ठरली ती त्याच्यामुळे. पुढच्या दंगलीत एक नोट त्याच्याही हातावर ठेवून पाहा. आपल्या लढण्याची दखल गावाने घेतली, हे त्याला कळले पाहिजे.